बेट्टीच्या टेपा

हातातलं काम चालू ठेवा, आम्ही बोलतो. शेंगा फोडत असाल तर फोडा, गोधडीला टाके घालत असाल तर घाला. आजची गोष्ट लांबच्या मुलखातली आहे, अमेरिकेतली. पण तिची सुरुवात आपल्या वस्तीवर झाली.

गेल्या श्रावणात आमच्यातल्या दोघी माळावरच्या एका आजींकडे गेल्या होत्या. आजींच्या घरी जातं अजून आहे. पिठाची गिरणी आल्यापासून ते कोपऱ्यात पडून असतं, पण आजींनी ते पुसून घेतलं, मूठभर ज्वारी घातली आणि दीड तास ओव्या म्हटल्या. मधे कोंबडं आरवलं, सून चहा ठेवून गेली, नातू रडला. सगळं रेकॉर्डरमध्ये आलं. आम्ही खूश होऊन परतलो. पुढच्या आठवड्यात एका बैठकीचं रेकॉर्डिंग करायला तेच मेमरी कार्ड दुसऱ्या कुणी नेलं, आणि आणून दिलं ते कोरं करून. त्यात काय होतं हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही. बायकांच्या ओव्या तर होत्या!

आम्ही आजींकडे पुन्हा गेलो. त्या रागावल्या नाहीत. पुन्हा जात्यावर बसल्या, पुन्हा म्हटलं. पण त्या दिवशी आलेल्या ओव्या वेगळ्याच होत्या. भावाची ओवी आली, माहेरच्या वाटेची आलीच नाही. आम्ही म्हटलं, आजी, ती मागची म्हणा की. तर म्हणाल्या, "ती त्या दिवशीची होती गं."

यानंतर रेडिओवर ध्वनिमुद्रण शिकवायला ज्या ताई आल्या होत्या त्यांना आम्ही हे सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, तुम्हाला बेट्टी माहीत आहे का? तेव्हापासून ही बेट्टी आमच्या डोक्यात बसली आहे.

आधी ती ज्यांचं गाणं टिपत होती त्या मंडळींविषयी सांगतो. त्या वाद्यवृंदाचं नाव ग्रेटफुल डेड. १९६५ साली कॅलिफोर्नियात सुरू झाला. जेरी गार्सिया, बॉब वीअर, फिल लेश, बिल क्रॉइट्झमन ही त्यातली मूळची माणसं, आणि पिगपेन या टोपणनावाचा एक गडी. मिकी हार्ट नावाचा दुसरा ढोलवाला १९६७ मध्ये आला. नाव विचित्र वाटेल: कृतज्ञ मेलेला माणूस. ती एक जुनी लोककथा आहे, अनेक देशांत सांगतात. एक वाटसरू एका गावात येतो. तिथे एक प्रेत तसंच पडलेलं असतं. मेलेल्यावर कर्ज होतं, म्हणून सावकार त्याला पुरू देत नाहीत. वाटसरू आपल्या पदरचे पैसे घालून कर्ज फेडतो आणि प्रेताला माती देतो. पुढे तो संकटात सापडतो तेव्हा मेलेल्याचा आत्मा येऊन त्याला तारतो. गार्सियाला हे नाव शब्दकोशात सापडलं आणि त्याने ते उचललं. थकलेल्या कर्जाची ही गोष्ट लक्षात राहू द्या, पुढे कामाला येणार आहे.

अशा वाद्यवृंदाला तिकडे जॅम बँड म्हणतात. जॅम म्हटलं की आपल्याला पावाला लावायचा गोड मुरंबा आठवतो, नाहीतर घाटात अडकलेली एसटी. इथे त्याचा अर्थ वेगळा आहे. ठरलेलं गाणं ठरल्याप्रमाणे न वाजवता, त्याचा धागा धरून सगळ्यांनी मिळून तिथल्या तिथे ते वाढवत न्यायचं. आपल्या भजनी मंडळाला हे सांगावं लागणार नाही. एकादशीच्या जागरणात एक अभंग सुरू होतो, पखवाजवाला जरा खेळतो, टाळकरी त्याला उत्तर देतात, बुवांना मधेच दुसऱ्या अभंगाची ओढ लागते आणि एकातून दुसरा निघतो. घड्याळाकडे कोण बघतंय? ग्रेटफुल डेडचं तसंच होतं. पाच मिनिटांचं गाणं पंचवीस मिनिटं चालायचं. १९६५ ते १९९५ या तीस वर्षांत त्यांनी दोन हजार तीनशेहून जास्त कार्यक्रम केले. आज काय वाजवायचं आणि कसं, हे पुष्कळदा मंचावर उभं राहिल्यावरच ठरायचं.

म्हणूनच त्यांच्या कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण एवढं मोलाचं. सिनेमाचं गाणं एकदा रेकॉर्ड झालं की झालं, हजार वेळा लावलं तरी तेच. इथे मंगळवारचं गाणं बुधवारी पुन्हा भेटत नव्हतं. आजी म्हणाल्या तसं, ती त्या दिवशीची.

बेट्टी कँटर ही कॅलिफोर्नियातली मुलगी. १९६०च्या दशकाच्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोच्या नाचगाण्याच्या हॉलमध्ये ती तारा ओढणं, माइक लावणं असली कामं करता करता ध्वनिमुद्रण शिकली. त्या काळी या कामात बायका जवळजवळ नव्हत्याच. अवजड पेट्या उचलायच्या, रात्री दोन वाजता वायरी गुंडाळायच्या, बसमधून गावोगाव हिंडायचं. बॉब मॅथ्यूज नावाच्या सहकाऱ्याबरोबर तिने या मंडळींची १९६९ सालची लाइव्ह/डेड ही तबकडी ध्वनिमुद्रित केली. सोळा वेगवेगळे आवाज सोळा पट्ट्यांवर टिपणारं यंत्र तेव्हा नवीन होतं. ते धूड हॉलपर्यंत नेऊन चालू कार्यक्रम टिपण्याच्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी तो एक. पुढच्या वर्षी त्यांची वर्किंगमन्स डेड ही तबकडी आली. तिच्या निर्मात्यांत बेट्टीचं नाव छापलेलं आहे.

तिचा नवरा रेक्स जॅक्सन याच मंडळींबरोबर फिरणारा, सामान चढवणारा-लावणारा माणूस. १९७६ मध्ये मोटार अपघातात तो गेला. त्याच्या नावाने मंडळींनी पुढे रेक्स फाउंडेशन ही दानधर्म करणारी संस्था काढली. बेट्टी कामावर राहिली. ज्या टेपांमुळे आज तिचं नाव घेतलं जातं, त्यातल्या सगळ्यात गाजलेल्या टेपा त्याच्या पुढच्याच वर्षीच्या आहेत.

१९७७ चा मे महिना. ५ तारखेला न्यू हेवन, ७ ला बॉस्टन, ८ ला इथाका, ९ ला बफलो. बॉस्टन गार्डन हे तिकडचं नावाजलेलं खेळांचं सभागृह, १९२८ सालचं. बास्केटबॉल, बर्फावरची हॉकी, मुष्टियुद्ध, पुढाऱ्यांच्या सभा, सगळं तिथे व्हायचं. आता ते नाही, १९९८ मध्ये पाडलं. म्हणजे त्या रात्री तिथल्या भिंतींवर आदळून परत आलेला आवाज आता फक्त टेपेत आहे. दुसऱ्या दिवशीचा इथाकाचा कार्यक्रम कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये झाला. ही दगडी, उंच, लोखंडी कैच्यांच्या छताची इमारत. मुळात सैनिकी कवायतीसाठी बांधलेली, नंतर धावण्याच्या शर्यतींना आणि खेळांना वापरली जाणारी. मे महिना असूनही त्या रात्री तिथे बर्फ पडलं. रविवार होता, आणि तिकडच्या रिवाजाप्रमाणे मातृदिन.

त्या रात्री त्यांनी दोन गाणी एकात एक गुंफून पंचवीस मिनिटांच्या वर वाजवली. आणि शेवटाकडे एक गाणं घेतलं, मॉर्निंग ड्यू, पहाटेचं दव. हे गाणं मुळात बॉनी डॉबसन या कॅनडाच्या गायिकेने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला रचलं. अणुबॉम्ब पडून सगळं संपल्यावर उरलेल्या दोघांचं बोलणं त्यात आहे. पुढे एका पुरुष गायकाने ते थोडं बदलून गायलं आणि रचनाकार म्हणून आपलंही नाव तिच्या नावापुढे लावून घेतलं. असो. ती एक वेगळी चर्चा होईल, आणि ती आपण एकदा करणार आहोत. कॉर्नेलला गार्सियाने ते गाणं अगदी हळू सुरू केलं आणि शेवटी गिटार अशी चढवत नेली, की ऐकताना आमच्यातली एक उठून उभीच राहिली. या गार्सियाच्या उजव्या हाताचं मधलं बोट लहानपणी लाकडं फोडताना अर्ध्याहून जास्त तुटलेलं होतं, हेही सांगून ठेवतो.

खरं बोलायचं तर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्यातल्या निम्म्या जणींना कंटाळा आला. शब्द कळत नाहीत, गाणं संपत नाही. ताई म्हणाल्या, शब्द सोडा, कोण कुणाचं ऐकतंय ते ऐका. मग कळायला लागलं. गिटार पुढे जाते, खालची जाड गिटार तिला अडवते, पेटीसारखं वाद्य मधे हळूच हो म्हणतं. प्रत्येक वाद्य जागच्या जागी, सुटं सुटं ऐकू येतं.

तर हे सुटं सुटं ऐकू येणं ही बेट्टीची करामत. ती कशी, हे नीट सांगतो, कारण आपल्यालाही उपयोगाचं आहे. कीर्तनाला मांडवात माइक कशाला लावतो? बुवांच्या गळ्याला. पखवाज मुळातच दणदणीत असतो, त्याला आवाज वाढवून द्यावा लागत नाही. आता समजा, स्पीकरकडे जाणाऱ्या त्याच तारेतून आपण रेकॉर्डिंग घेतलं. काय येईल? बुवांचा गळा मोठा आणि पखवाज कुठेतरी दूर, शेजारच्या गल्लीत वाजल्यासारखा. मांडवात बसलेल्याला गोड लागलेलं भजन टेपेत आळणी होतं. आपल्या कितीतरी रेकॉर्डिंगचं असंच झालंय. बेट्टीने काय केलं, तर हॉलसाठीचं मिश्रण वेगळं आणि टेपेसाठीचं वेगळं ठेवलं. मंचावरच्या माइकचे आवाज ती स्वतंत्र घ्यायची, कानाला हेडफोन लावून बसायची आणि कुणाचा आवाज किती हे स्वतःच्या हाताने त्या क्षणी ठरवायची. ते थेट दोन पट्ट्यांच्या टेपवर जायचं. यंत्र होतं स्वित्झर्लंडचं, नाग्रा नावाचं. भाकरीत मीठ कमी पडलं तर नंतर वरून घालून भागत नाही, तसंच हे. दोन पट्ट्यांवर एकदा मिसळलं की पुन्हा वेगळं काढता येत नव्हतं. शिवाय रीळ संपत आलं की ते बदलायचं, तेही गाणी थांबत नसताना, आणि ती कधी थांबणार हे वाजवणाऱ्यांनाही ठाऊक नसताना. तीन तास न हलता, न बोलता. टाळ्या मंचावरच्यांना.

आता थोडं प्रेक्षकांकडे वळतो. हे लोक स्वतःचे टेपरेकॉर्डर घेऊन यायचे. बाकीचे गायक असल्यांना बाहेर काढत, कॅसेटचा खप कमी होईल म्हणून. ग्रेटफुल डेडने चालू दिलं. १९८४ पासून तर सभागृहात रेकॉर्डिंगवाल्यांसाठी वेगळी जागाच राखली. माइकच्या उंच काठ्यांचं एक रानच उभं राहायचं तिथे. नियम एकच: टेप विकायची नाही. तू मला बॉस्टन दे, मी तुला बफलो देतो. ज्याच्याकडे द्यायला काहीच नाही त्याने कोऱ्या कॅसेट आणि टपालाचा खर्च पाठवायचा, समोरचा भरून परत पाठवणार. आपल्याकडे बियाणं असंच फिरायचं, आठवतं? घेवड्याचं बी शेजारणीकडून आणायचं, पुढच्या वर्षी मूठभर जास्त परत करायचं. एवढं गाणं फुकट वाटूनही या मंडळींचे कार्यक्रम भरभरून चालत. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या जगप्रसिद्ध सभागृहात त्यांनी ५२ कार्यक्रम केले. तिथल्या १९८१ ते १९८३ मधल्या सहा कार्यक्रमांचा १७ सीडींचा संच २०२२ मध्ये निघाला, गार्सिया जाऊन सत्तावीस वर्षं झाल्यावर.

इथे एक गोष्ट झाकून ठेवत नाही. या मंडळींत नशापाणी पुष्कळ होतं. गार्सिया १९९५ च्या ऑगस्टमध्ये व्यसनमुक्ती केंद्रात हृदय बंद पडून गेला, वय ५३. ज्या गटांनी आपापल्या गावातली बाटली आडवी केली त्या गटांसमोर आम्ही त्याचं गाणं वाखाणतो आहोत, म्हणून एवढं सांगून टाकलं.

बेट्टीकडे परत येऊ. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिचा आणि या मंडळींचा संबंध तुटला. काम गेलं, मग घर गेलं. घरातलं सामान भाड्याच्या गोदामात ठेवलं. अमेरिकेत अशा भाड्याच्या खोल्या मिळतात, महिन्याला पैसे भरायचे, कुलूप आपलं. भाडं थकलं. नियम असा की भाडं थकलं की गोदामवाला आतल्या मालाचा लिलाव करून पैसे वसूल करतो. १९८६ मध्ये लिलाव झाला. त्या सामानात तिच्या हातच्या सुमारे हजार टेपा होत्या. ग्रेटफुल डेडच्या, आणि इतरांच्याही.

सावकाराने अडवून ठेवलेल्या प्रेताची गोष्ट आम्ही सांगितली होती ना, ती इथे आठवली. कर्ज फेडून टेपा सोडवणारा वाटसरू त्या दिवशी आला नाही. कर्ज होतं तरी किती? गोदामाचं भाडं! आमच्यातल्या एका बाईंनी ऐकल्या ऐकल्या विचारलं, "तिचा बचतगट नव्हता का?" सगळ्या हसल्या, पण प्रश्न काही विनोदी नव्हता.

लिलावात टेपा वेगवेगळ्या लोकांनी घेतल्या. काही घेणाऱ्यांना त्यात काय आहे ते कळलं होतं. त्यांनी त्या वाजवून उतरवून घेतल्या, आणि बघता बघता १९७७ सालची कॉर्नेलची रात्र कॅसेटवर चढून अमेरिकाभर फिरू लागली. लोकांनी या टेपांना नाव दिलं बेट्टी बोर्ड्स. जिच्या हातून टेपा गेल्या तिचं नाव टेपांना चिकटलं ते असं. दुसऱ्या काही टेपा मात्र कोठारात ओलीत वर्षानुवर्षं पडून राहिल्या. टेप म्हणजे प्लास्टिकची फीत, तिच्यावर गंजासारख्या लोखंडी भुकटीचा थर. तो थर चिकटवणारा डिंक ओल धरतो, बुरशी येते, फीत फितीला चिकटते आणि तशीच वाजवली तर आवाजाचा थर खरवडून निघतो. चिकट झालेल्या अशा टेपा ओव्हनमध्ये मंद उबेवर तासन्‌तास ठेवतात, ओल जाते, मग थोडे दिवस त्या नीट वाजतात. तेवढ्यात उतरवून घ्यायच्या. पापड सादळले की आपण उन्हात घालतो, साधारण तोच विचार. बेट्टीच्या ओल धरलेल्या टेपाही जाणकारांनी हाताळून, दुरुस्त करून वाजवल्या.

कॉर्नेलच्या त्या रात्रीला पुढे मोठा मान मिळाला. अमेरिकेच्या संसदेच्या ग्रंथालयात राष्ट्रासाठी जपून ठेवायच्या ध्वनिमुद्रणांची नोंदवही आहे, तिच्यात २०११ च्या यादीत ही टेप घेतली गेली. आणि मे १९७७ चे चारही कार्यक्रम, न्यू हेवन, बॉस्टन, कॉर्नेल, बफलो, ११ सीडींचा संच होऊन रीतसर बाजारात आले ते २०१७ मध्ये. टेपांचे मूळ डबे मंडळींच्या कोठीत परत आले तेव्हा चाळीस वर्षं उलटली होती.

जुने रसिक अजून वाद घालतात. कॉर्नेलची रात्र खरंच सगळ्यात चांगली होती का? त्याच महिन्यातल्या दुसऱ्या रात्री काय कमी होत्या? आमचं मत विचाराल तर ती गाजली याचं निम्मं श्रेय गाण्याचं आणि निम्मं हेडफोन लावून बसलेल्या बाईचं. कदाचित निम्म्याहून जास्तच. तितक्याच तोडीची दुसरी एखादी रात्र धडपणे टिपली गेली नसेल, तर तिच्याबद्दल आज वाद तरी कोण घालणार?

आपल्या बाजूचा एक धागा सांगायचा राहिला. ढोलवाला मिकी हार्ट हा उस्ताद अल्लारखाँ यांच्या तबल्याने वेडा झालेला माणूस. त्यांचे चिरंजीव झाकीर हुसेन, आपल्या मुंबईत माहीमला वाढलेले, तरुणपणी कॅलिफोर्नियात शिकवायला गेले आणि दोघांची जोडी जमली. १९७६ मध्ये त्यांची दिगा ही तबकडी आली. नाव तबल्याच्या बोलांवरूनच घेतलेलं. पुढे प्लॅनेट ड्रम या त्यांच्या तबकडीला विश्वसंगीताचं पहिलं ग्रॅमी मिळालं. डेडचे दोन ढोलवाले तासन्‌तास चाललेल्या कार्यक्रमात जे गुंतागुंतीचे ठेके धरायचे, त्यात कुठेतरी आपला तबलाही वाजत होता.

आता आमच्या स्टुडिओतलं सांगतो. कोपऱ्यात एक लोखंडी कपाट आहे, त्यात साबणाच्या जुन्या डब्यात मेमरी कार्डं. डब्यावर काही लिहिलेलं नव्हतं. मागच्या महिन्यात आम्ही लांब पट्टीची वही आणली. त्यात रकाने पाडले: कार्डाचा नंबर, तारीख, गाव, कोण बोललं किंवा गायलं, किती वेळ, दुसरी प्रत कुठे ठेवली. वही पूर्ण झाली असं वाटलं. मग आमच्यातली सगळ्यात धाकटी, जी माइक धरते आणि रेडिओवर कधीच बोलत नाही, ती म्हणाली, "आणि कुणी टिपलं ते?" पाच वर्षांत तिच्या नावाची घोषणा आम्ही एकदाही केली नव्हती. सातवा रकाना पाडावा लागला. पानात जागा उरली नव्हती, म्हणून तो समासात आहे.

माळावरच्या आजींचं दुसरं रेकॉर्डिंग त्या वहीत अकराव्या नंबरला आहे, ४२ मिनिटांचं, दोन प्रती. येत्या बुधवारी याच वेळेला ते लावतो आहोत. कोंबडं काढलेलं नाही. आजींच्या घरी रेडिओ नीट लागत नाही, तर त्यांच्या वस्तीवरच्या कुणी ऐकत असाल तर मोबाइल घेऊन त्यांच्याकडे जा.